भारतीय नमुन्यांसाठी डीई-प्लॉइड किती भरवशाचं?

फाल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीच्या मिश्र संसर्गाची (एकाच रुग्णात अनेक स्ट्रेन, म्हणजे वाण) होल-जीनोम व्हीसीएफ फाइल, म्हणजे पूर्ण जीनोममधल्या बदलांची यादी, हातात असेल, तर डीई-प्लॉइड हे सॉफ्टवेअर जरूर वापरा. नमुन्यात किती स्ट्रेन आहेत, कोणत्या प्रमाणात आहेत आणि प्रत्येकीचा हॅप्लोटाइप (जीनोमवरच्या अक्षरांची सलग मालिका) काय, हे सगळं ते काढून देतं. शा जो झू, जेकब अल्माग्रो-गार्सिया आणि गिल मॅकव्हीन यांचा त्यावरचा शोधनिबंध २०१८ चा. सॉफ्टवेअर मोफत आहे, कमांड लाइनवर चालतं, आर या संगणकभाषेत काम करणाऱ्यांसाठी पॅकेजही आहे.

मी गडचिरोलीकडचे नमुने बघते, म्हणून मला याची निकड वाटते. २०१३ च्या राष्ट्रीय धोरणात ईशान्य भारत वगळता फाल्सिपेरमला आर्टेसुनेटच्या जोडीला एसपी (सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामाइन) हे औषध आहे. एसपीला दाद न देणारे बदल डीएचएफआर आणि डीएचपीएस या दोन जीन्समध्ये साठतात; एक चौथ्या क्रोमोसोमवर, दुसरं आठव्यावर. रुग्णात दोन्हीकडचे बदल सापडले, तर ते एकाच परजीवीत एकत्र आलेत की दोन स्ट्रेनमध्ये वाटले गेलेत? औषधाच्या दृष्टीनं या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. साध्या टायपिंगमधून, म्हणजे ठरावीक बदल आहेत की नाहीत एवढंच बघण्यातून, याचं उत्तर मिळत नाही, म्हणून असे नमुने सर्रास बाजूला टाकले जातात. मला हे अजिबात पटत नाही. तापानं फणफणलेल्या माणसानं बोट टोचून दिलेलं रक्त आहे ते.

याचं गणित मला फार आवडतं. आपल्या रक्तात हा परजीवी हॅप्लॉइड असतो, म्हणजे प्रत्येक जागी एकच अक्षर. तरीही एखाद्या जागेवरच्या शंभर रीड्सपैकी (सिक्वेन्सिंगमध्ये वाचलेले डीएनएचे तुकडे) ७२ मध्ये ए आणि २८ मध्ये जी दिसला, तर आत एकाहून जास्त स्ट्रेन आहेत. पुढच्या हजारो जागांवरही कुठे ७२, कुठे २८ असेच आकडे येत राहिले, की मोठी आणि छोटी स्ट्रेन वेगळी होत जाते. थ्रीडी७, डीडी२, एचबी३ आणि ७जी८ या प्रयोगशाळेतल्या स्ट्रेन ठरावीक प्रमाणात मिसळून ही पद्धत तपासलेली आहे.

आयबीडीचा, म्हणजे स्ट्रेनमध्ये एकाच पूर्वजाकडून आलेले समान भाग शोधण्याचा, पर्यायही चालवून बघा. एकाच डासातून आलेल्या स्ट्रेन पुष्कळदा सख्ख्या भावंडांसारख्या असतात, कारण परजीवींचं मीलन डासाच्या पोटात होतं. दोन वेगवेगळ्या चाव्यांतून आलेल्या स्ट्रेनमध्ये एवढं साम्य सहसा नसतं.

अडचण येते ती निम्म्या-निम्म्या मिश्रणात. सगळीकडे ५०-५० दिसलं, की कोणतं अक्षर कोणाचं हे प्रमाणावरून ठरत नाही. मग सगळी भिस्त रेफरन्स पॅनेलवर, म्हणजे आधीच माहीत असलेल्या हॅप्लोटाइपच्या संचावर. पीएफ३के हा त्यासाठी नेहमी घेतला जाणारा संच १४ देशांचा आहे; त्यात बांगलादेश आहे, म्यानमार आहे, भारत नाही. म्हणून असमान मिश्रणांचे हॅप्लोटाइप मी वापरते. निम्म्या-निम्म्यांची फक्त संख्या आणि प्रमाण नोंदवते, तेही वेगवेगळ्या सीडवर (रँडम गणिताच्या सुरुवातीच्या आकड्यांवर) तेच उत्तर आलं तरच. अ‍ॅलील फ्रिक्वेन्सीची (प्रत्येक जागी कोणतं अक्षर किती प्रमाणात आढळतं याची) फाइल मात्र आपल्याच भागातल्या नमुन्यांवरून बनवा, दुसरीकडची उचलू नका.

पाचपैकी चार गुण. पाचवा सॉफ्टवेअरच्या हातात नाही. मध्य भारतातले एकाच स्ट्रेनचे सिक्वेन्स केलेले नमुने ज्यांच्याकडे पडून आहेत, त्यांनी ते खुले करावेत. त्यातून आपलं स्वतःचं पॅनेल उभं राहील.