दहा युरोत शेतातली रेस: आयर्लंडच्या पॉइंट-टू-पॉइंटचा रिव्ह्यू

डब्लिनमध्ये सहा वर्षं झाली आता. लेपर्ड्सटाउनच्या रेसकोर्सला दोनदा जाऊन आलोय, ऑफिसच्या ग्रुपबरोबर, सूटबिट घालून, आणि खरं सांगतो घोडे कमी बघितले, लोकांच्या टोप्या जास्त बघितल्या. तर यंदा मंचरहून मामा आलेले. मामा म्हणजे बैलगाडा शर्यतीतला माणूस, बंदी होती त्या काळातही गोठ्यातली जोडी विकली नाही म्हणून मामीच्या शिव्या खाल्लेला. ते म्हणाले, "तुमच्याकडं घोड्यांचं लई वेड आहे म्हणे, दाखव की." मी लगेच मोठ्या रेसकोर्सची तिकिटं बघायला लागलो तर शेजारचे आजोबा, जे आयुष्यभर गाई पाळून आता रिटायर झालेत, ते म्हणाले कशाला पैसे घालवतोस, रविवारी पॉइंट-टू-पॉइंटला ने.

नेलं. वेक्सफर्डच्या बाजूला, डब्लिनहून कारने दीड-पावणेदोन तास.

पॉइंट-टू-पॉइंट म्हणजे कोणाच्यातरी शेतात दोऱ्या बांधून, खांब रोवून केलेला ट्रॅक, भरवणारे आसपासच्या हंट क्लबचे, म्हणजे घोड्यावरून शिकारीला जाणाऱ्यांच्या क्लबचे लोक, अंतर साधारण तीन मैल आणि मध्ये काटक्या घट्ट बांधून केलेल्या साडेचार फुटी कुंपणांवरून उड्या. गेटबिट काही नसतं, घोडे घोळक्याने चालत येतात, एकजण झेंडा खाली टाकतो की सुटले. मामांनी ते बघितलं आणि इतके खूश झाले की काय सांगू, "अरे हे तर आपलंच निशाण!" स्पीकरवर एक काका धापा टाकत कॉमेंट्री करत होते, फक्त भिर्रर्र म्हणायचं बाकी होतं. याचं मूळ पण तसंच गावठी आहे, १७५२ साली कॉर्कमध्ये दोघांनी पैज लावली की बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत कोण आधी पोचतं, मधे शेतं, भिंती, ओढे काय येतील ते येऊ देत, चर्चचा कळस बघून घोडा पळवायचा. त्या कळसाला स्टीपल म्हणतात म्हणून स्टीपलचेस.

एंट्री मी दिली माणशी दहा युरो. रेसकार्ड हातात, सहा रेस, आणि घोड्यापासून तुम्ही दोन हातांवर. या पैशात मोठ्या रेसकोर्सवर एक बर्गर पण धड येत नाही.

पण या रिव्ह्यूचा मुद्दा वेगळाय. इथले सगळे जॉकी हौशी असतात. घोडा पळवायचे पैसे घ्यायचे नाहीत, बक्षिसात वाटा नाही. आपल्याकडे हौशी म्हटलं की राज्य नाट्य स्पर्धा आठवते, ऑफिस सुटल्यावर तालीम, स्वतःच्या खिशातून चहा. तसंच काहीसं, फक्त इथे संवाद विसरलात तर कॉलरबोन जाते. आणि कार्डावर हौशी जॉकीच्या नावापुढे 'मि.' छापतात, प्रोफेशनल झाला की तो 'मि.' गायब. म्हणजे सतरा वर्षांचं मिसरूड न फुटलेलं पोरगं मिस्टर आणि वीस वर्षं धंद्यात मुरलेला माणूस नुसताच नावाने. मामा म्हणाले, "पैसे घ्यायला लागला की मान गेला, बरोबरे."

तिसरी रेस होती चार वर्षांच्या घोड्यांची, मेडन, म्हणजे आजपर्यंत एकही न जिंकलेले. कार्डावर साधी दिसते पण दिवसातला सगळा पैसा या रेसमध्ये. कुंपणापाशी जी माणसं फोनवर हळू आवाजात बोलत उभी असतात ती एजंट असतात, बड्या मालकांसाठी घोडे हेरणारी. घोडा आज छान जिंकला तर काही आठवड्यांत लिलावात जातो, आणि किमती कसल्या, जॉनबॉन नावाचा घोडा २०२० मध्ये डोनरेलच्याच भागात ड्रोमाहेनला अशी एक रेस जिंकला आणि त्याच महिन्यात ५ लाख ७० हजार पाउंडांना विकला गेला. आता विचार करा, अशा घोड्यावर बसलेल्या हौशी जॉकीला त्या दिवसाचे शून्य मिळतात. पण एजंट घोड्याबरोबर त्याच्याकडेही बघत असतो. हीच त्याची कमाई.

आम्ही शेवटच्या उडीच्या अगदी जवळ उभे होतो. हे टीव्हीवर कधीच कळत नाही, आवाज. आधी जमिनीतून पायात येतो, मग काटक्यांचा खर्रकन आवाज आणि वरून चिखल. पुढे दोघे. एकजण पस्तिशीचा असेल, चाबूक काढलेला, ओरडतोय. दुसरा सतरा-अठराचा एक मिस्टर, गालावर चिखल, आणि त्याच्या घोड्याची पावलं चुकली, उडीला दीड पाऊल उरलं. ना धड लांब उडी मारता येणार, ना जवळून. मी श्वास रोखला. पोराने काहीच केलं नाही. खरंच काहीच नाही, लगाम ओढला नाही, टाच मारली नाही, नुसता गप्प बसला, घोड्याला स्वतःचं स्वतः जमवू दिलं. घोड्याने बारीक एक पाऊल टाकलं, कुंपण खरवडून पलीकडे, आणि मग मात्र या पठ्ठ्याने जो काय जोर लावला, घोड्याच्या अर्ध्या लांबीने जिंकला. मामांनी माझा हात दाबला. "बसणं शिकवता येत न्हाय. पळवणं शिकवता येतं."

घरी येऊन मी वाचत बसलो की या पोरांचं पुढे होतं काय. शिडी साधारण अशी की लहानपणी पोनी रेस, मग पॉइंट-टू-पॉइंट, मग खऱ्या रेसकोर्सवर बंपर, म्हणजे उड्या नसलेली दोनेक मैलांची रेस जी आयर्लंडमध्ये बहुतेक हौशी लोकांसाठीच ठेवलेली असते, बहुतेक दिवसाच्या शेवटी. नवशिक्याला घोड्यावरच्या वजनात सूट पण मिळते, सात पाउंड, जिंकत गेलात की पाच, मग तीन, म्हणजे ट्रेनरला त्या पोराला बसवण्यात थोडा फायदा दिसावा. मार्च २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमची मोठी बंपर, चॅम्पियन बंपर, जॉन ग्लीसन नावाच्या कॉलेजातल्या मुलाने जिंकली, अ ड्रीम टू शेअर या घोड्यावर, आणि घोड्याचे ट्रेनर जॉन कायली ऐंशी पार केलेले आजोबा. त्याआधी फेब्रुवारीत लेपर्ड्सटाउन आणि नंतर पंचेसटाउनचं रेसकोर्स, तिन्हीकडे हीच जोडी. आजोबा-नातवाच्या वयाची माणसं, मला हे फार आवडलं.

रेचल ब्लॅकमोर या जॉकीचं उलट. टिपररीतल्या डेअरीवाल्या शेतकऱ्याची मुलगी, पहिला विजय २०११ मध्ये थर्ल्सला, हौशी म्हणूनच, मग चार वर्षं फार काही नाही, २०१५ मध्ये पंचविशीत प्रोफेशनल झाली तेव्हा कोणी ढुंकून बघितलं नसेल. २०२१ मध्ये ग्रँड नॅशनल, म्हणजे इंग्लंडमधली सगळ्यात गाजलेली स्टीपलचेस, जिंकणारी पहिली बाई. म्हणून त्या शेतात पहिल्या रेसमध्ये चौथी आलेली मुलगी पण लक्षात ठेवा, सांगता येत नाही.

आता माझी तक्रार, आयोजकांवर नाही, एकूण पद्धतीवरच. हौशी म्हणजे नवखा असं नाही हो. पॅट्रिक मलिन्स अजून हौशीच आहे, पंधराहून जास्त वेळा चॅम्पियन हौशी जॉकी, २०१२ मध्ये एका वर्षात ७४ विजय, १९१५ पासूनचा ७२ चा रेकॉर्ड मोडला, आणि एप्रिल २०२५ मध्ये निक रॉकेटवर ग्रँड नॅशनल. घोडा वडिलांच्या तबेल्यातला, वडील विली मलिन्स, आयर्लंडमधला सगळ्यात मोठा ट्रेनर, टीव्हीवर ढसाढसा रडले, मी पण थोडा रडलो. माणूस कमालीचा भारी आहे, वाद नाही. पण सोमवारी शाळा असलेलं पोरगं बंपरला उतरतं तेव्हा शेजारी तो उभा असतो, देशातल्या सगळ्यात भारी घोड्यावर. ज्याच्या बापाचा तबेला नाही त्याने काय करायचं? तर पहाटे उठून दुसऱ्याच्या तबेल्यात शेण काढायचं आणि रविवारी कोणी बसवतं का वाट बघायची. म्हणून मला शेतातली रेस जास्त आवडली, इथे निदान घोडे पण अजून कोणी मोठे नसतात.

बाकी सोयींचं पटकन. पार्किंग शेतातच, चिखल घोट्यापर्यंत, गमबूट घालून जा, मी पांढरे स्नीकर्स घालून गेलो आणि मामा मला दिवसभर हसले. टॉयलेट तात्पुरती, दुपारी दोननंतर विषय सोडा. एका फूड व्हॅनवर चिप्स गार मिळाले आणि कार्ड मशीन बंद, रोख न्या. बुकींना पण रोखच बरी पडते, मामांनी पाच युरो लावले, घोडा तिसऱ्या कुंपणालाच पडला, घोडा आणि जॉकी दोघे उठले म्हणून मामांनी पैशांबद्दल काही बोलणं टाळलं. अँब्युलन्स घोड्यांच्या बाजूने शेतातून अक्षरशः पळत असते, ते बघून आधी बरं वाटतं आणि मग पोटात गोळा येतो. लहान मुलांना न्यायचं असेल तर हे मनात धरून न्या.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो टॉयलेटचा.

निघताना गाडी चिखलात रुतली म्हणून पार्किंगमध्ये अर्धा तास गेला, तेव्हा तो मिस्टर पुन्हा दिसला. खोगीर काखेत, हेल्मेट बोटाला लटकवलेलं, एका जुन्या डबडा गाडीच्या मागच्या सीटवर सामान टाकत होता. ड्रायव्हिंगला आई. मामा काच खाली करून चक्क मराठीत ओरडले, "शाब्बास रे बाळा!" त्याने वळून बघितलं, काय कळलं देव जाणे, पण अंगठा दाखवला आणि मग आईने काहीतरी सांगितलं म्हणून परत उतरून बूट काढायला लागला, गाडीत चिखल नको म्हणून.