हायड्रोजन अलार्म, नऊ महिने वापरून: सगळं आहे, बटण नाही

आधी तक्रार. या डबीला आवाज बंद करायचं बटण नाही. १८०० रुपयांत ५ रुपयांचं बटण बसत नव्हतं काय?

साकोलीकडे आमचं ट्रॅक्टर-इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या चार्ज करून द्यायचं दुकान. बॅटरी भरत आली की ॲसिडातलं पाणी फुटून हायड्रोजन सुटतो. हवेत तो ४ टक्के झाला अन् क्लिप काढताना ठिणगी पडली, की खेळ खलास. म्हणून जानेवारीत ही घेतली. बसवायला आलेल्या पोरानं सिलिंडरच्या अलार्मसारखी गुडघ्याएवढ्या उंचीवर ठोकली. दोन महिने हूं नाही की चूं नाही. मी खूश, काय शांत मशीन! हायड्रोजन हवेपेक्षा १४ पट हलका, तो वर पत्र्याखाली जमतो, हे नंतर माहितीपत्रकात दिसलं. शिडी लावून मीच वर नेली.

मार्चअखेर शेजारच्या पडवीत मोहफुलं भिजली (कशासाठी, विचारू नका). आंबूस वास सुटला अन् डबी रोज संध्याकाळी बोंबलू लागली. काकू भिंतीपलीकडून ओरडली, "काहून बोंबलते रे तुही डबी?"

"तुमच्याच मडक्यापायी, काकू!"

कंपनीला चार फोन केले. दरवेळी "सेन्सर ओके आहे सर" म्हणून तक्रार बंद. पाचव्यांदा एक समजूतदार माणूस भेटला. म्हणाला, आत टिन ऑक्साइडच्या नॅनो कणांचा थर आहे, हीटर त्याला दोन-तीनशे अंशांवर तापता ठेवतो. हवेतला ऑक्सिजन कणांवर बसून इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. हायड्रोजन आला की त्या ऑक्सिजनला घेऊन जातो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात, रोध उतरतो, अलार्म वाजतो. कण जितका बारीक, तितका पृष्ठभाग जास्त. पण मोहाची अल्कोहोलची वाफही तेच करते. म्हणजे खोक्यावरचं "फक्त हायड्रोजन" ही थाप. आणि असल्या सेन्सरच्या पेटंटचा अर्ज जपानच्या तागुचींनी १९६२ ला केला होता म्हणे. साठ वर्षांत एक बटण सुचू नये?

हीटर चोवीस तास चालू, पण वॉटभराचा. वर्षाला नऊ-दहा युनिट. तेवढं माफ.

शेवटी गावातल्या रेडिओवाल्याकडून २० रुपयांत बटण लावून घेतलं अन् इथं दोन तारे देऊन मोकळा झालो.

मग ऑगस्टची झड. आठ बॅटऱ्या चार्जिंगला, दार-खिडक्या बंद. रात्री दोनला डबी वाजली. मोहाचा हंगाम कधीच सरलेला. बटणाकडे हात गेला, तेवढ्यात कानाला जाणवलं की एक्झॉस्टचा आवाजच येत नाही. पात्यात चिमणीच्या घरट्याचं गवत अडकलेलं. आधी दार सताड उघडलं, चार्जरला हात लावला नाही, मीटरजवळचा मेन स्विच बाहेरून पाडला.

तारे आता चार. बटण अजून आहे, त्यावर काळी टेप चिकटवली आहे.