लोकअदालतीच्या टेबलावर सही करण्याआधी

लोकअदालतीत निकाल लागत नाही. दोन्ही पक्षांचं जुळलं तर ते कागदावर येतं, पॅनेल सही करतं आणि त्या कागदाला, म्हणजे लोकअदालतीच्या निवाड्याला, दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याची किंमत येते. जुळलं नाही तर प्रकरण जिथून आलं तिथे, ज्या टप्प्यावर होतं त्याच टप्प्यावर परत जातं. एवढं समजून आलेला पक्षकार बहुधा समाधानाने घरी जातो. "आज साहेब काय तो निकाल देणार" असं धरून आलेला मात्र नुकसान करून घेतो. वकिली करणाऱ्याच्या नजरेने या सेवेबद्दल माझं मत चांगलंच आहे, पण ते सगळ्या प्रकरणांना सरसकट लागू होत नाही. कुठे डोळे उघडे ठेवायचे, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

आधुनिक लोकअदालतीची सुरुवात 1982 मध्ये गुजरातच्या जुनागढ जिल्ह्यात झाली. तिला कायद्याचं बळ आलं ते विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 मुळे, आणि तो कायदा प्रत्यक्षात लागू व्हायला 9 नोव्हेंबर 1995 उजाडला. आज राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चार वेळा, शनिवारी भरते. टेबलावर बहुधा एक न्यायाधीश (सेवेतले किंवा निवृत्त), एक वकील आणि एक सामाजिक कार्यकर्ता असतात. फी काही नाही. दाखल दाव्यात भरलेली कोर्ट फी तडजोड झाल्यावर परत मिळते, आणि मोठ्या रकमेच्या दाव्यात हा परतावा चांगलाच जाणवतो. परताव्याचा उल्लेख निवाड्यात आला आहे का, ते तिथेच पाहून घ्यावं. राहून गेला तर पुढे उगाच हेलपाटे पडतात.

आता मोठा धोका. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. याच कायद्याचं कलम 21 तसं स्पष्ट सांगतं. फसवणुकीसारख्या मोजक्या कारणांवर उच्च न्यायालयात रिट अर्ज करता येतो, पण "तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही" हे त्यातलं कारण नव्हे. म्हणून पॅनेलला काय करता येतं आणि काय नाही, हे माहीत हवं. पॅनेल समजावू शकतं, आकडा सुचवू शकतं; आकडा लादू शकत नाही. एका मोटार अपघाताच्या प्रकरणात लोकअदालतीने आपणहून भरपाई वाढवून दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये पंजाब राज्य विरुद्ध जालौर सिंग या निकालात सांगितलं की लोकअदालतीला न्यायनिवाडा करण्याचा अधिकारच नाही, तिचं काम समेट घडवण्यापुरतं आहे. तुमच्यावर कोणी दबाव आणत असेल तर "मला हे मान्य नाही, प्रकरण परत पाठवा" एवढं वाक्य पुरेसं आहे. त्यावरून पुढे मूळ न्यायालयात तुमचं काही वाईट होत नाही.

ही सेवा सगळ्यात चोख चालते ती निव्वळ पैशांच्या प्रकरणात. मोटार अपघाताचे दावे घ्या. विमा कंपनीला प्रकरण संपवायचं असतं, जखमीला पैसा लवकर हवा असतो, आणि दोघांनाही साधारण किती मिळेल याचा अंदाज असतो. गडबड होते ती पुढच्या खर्चाच्या हिशेबात. पायात सळी घातलेली असते, ती वर्ष-दीड वर्षाने काढायची असते. त्या शस्त्रक्रियेचा खर्च, तेव्हा बुडणारी मजुरी, सोबतच्या माणसाचं येणं-जाणं हे सगळं आजच्या आकड्यात धरलेलं नसेल, तर नंतर मागता येत नाही. डॉक्टरांकडून पुढच्या उपचाराच्या अंदाजी खर्चाचं पत्र आधीच आणावं. रकमेवर व्याज वेगळं मिळणार की ते रकमेतच धरलेलं, किती दिवसांत जमा होणार, आणि उशीर झाला तर कुठल्या तारखेपासून किती टक्के व्याज, हे तिन्ही लिहून घ्यावं. वारसांत अज्ञान (अठरा वर्षांखालची) मुलं असतील तर त्यांचा हिस्सा मुदत ठेवीत जातो. ती ठेव कोणत्या बँकेत, कधीपर्यंत, आणि व्याज दर महिन्याला आईला उचलता येईल का, हेही त्याच कागदात आलं पाहिजे.

धनादेश न वटल्याच्या प्रकरणांत फिर्यादीची फसगत एकाच ठिकाणी होते, हप्त्यांत. आरोपी पहिला हप्ता रोख देतो, बाकीचे सहा कबूल करतो, तडजोड नोंदली जाते आणि फौजदारी प्रकरण तिथेच मिटतं. तिसऱ्या हप्त्याला माणूस गायब. निवाडा हुकूमनाम्यासारखा वसूल करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये गोविंदन कुट्टी मेनन प्रकरणात सांगितलेलं आहे. पण आता तुमच्या हातात तुरुंगाची भीती नाही, फक्त दिवाणी दरखास्त, म्हणजे न्यायालयामार्फत वसुलीचा अर्ज, आहे, आणि समोरच्याच्या नावावर जप्त करण्यासारखं काही नसेल तर दरखास्तीचा कागद कागदच राहतो. शक्य तिथे पूर्ण रक्कम डिमांड ड्राफ्टने घेऊनच सही करावी. हप्ते द्यावेच लागले तर "एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम एकदम देय होईल" ही ओळ हवीच. फिर्यादीच्या वकिलाने या ओळीसाठी अडून बसावं.

भाऊबंदकीच्या वाटणीत प्रकार वेगळा. इथे पैसा कमी आणि मान जास्त असतो. पॅनेलसमोर बसल्यावर थोरला भाऊ पहिलं वाक्य जमिनीबद्दल बोलत नाही. तो म्हणतो, "आईच्या आजारपणात हा एकदाही आला नाही." दाव्याच्या अर्जात हे वाक्य कुठेच नसतं. असूही नये, कारण गटाच्या मोजणीशी त्याचा संबंध नाही. वकील पक्षकाराचा राग गाळून त्यातून मुद्दे काढतो, तेच आमचं काम. पण गाळून टाकलेलं ते माणसाच्या पोटात राहतं आणि प्रत्येक तारखेला त्याला कोर्टात घेऊन येतं. चांगलं पॅनेल अशा वेळी दहा मिनिटं गप्प बसून ऐकतं. सगळ्या सेवेत मला ही दहा मिनिटं सगळ्यात मोलाची वाटतात. धाकट्याने तेवढ्यात "चुकलं माझं, दादा" म्हटलं तर सहा वर्षं अडलेला बांध अर्ध्या तासात सरकतो. नाही म्हटलं तर आकडे कितीही फिरवा, उपयोग होत नाही.

मात्र मन मोकळं झालं म्हणून कागद मोकळा ठेवायचा नाही. सामाईक विहिरीचं उदाहरण घ्या. "विहिरीचं पाणी दोघांनी समजुतीने वापरावं" असं लिहिलं की पहिल्या उन्हाळ्यात पुन्हा भांडण. लिहायचं ते असं: सोमवार ते बुधवार एकाची पाळी, गुरुवार ते शनिवार दुसऱ्याची, रविवार एक आड एक. वीज नसल्यामुळे बुडालेले तास भरून द्यायचे की नाही. मोटार जळाली तर दुरुस्ती निम्मी-निम्मी, आणि एकाने पैसे दिले नाहीत तर दुसऱ्याने खर्च करून पावतीवर वसूल करायचे. वीजबिल कोणाच्या नावावर. पाइप कोणत्या गटातून, बांधापासून किती फुटांवर. गाळ काढायचा खर्च. वाट किती रुंद, बैलगाडीची की ट्रॅक्टरची. सोबत हाताने काढलेला का होईना, पण दिशा आणि मापं टाकलेला नकाशा जोडावा आणि त्यावरही सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात.

वाटणीत आणखी तीन ठिकाणी कागद फसतो. बहिणींना बाजूला ठेवून भावांनी तडजोड केली, की तो कागद बहिणींवर बंधनकारक होत नाही. हिस्सेदार आहेत तेवढे सगळे टेबलावर हवेत. अज्ञानाच्या वतीने तडजोड करायची तर न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते, नाहीतर तो सज्ञान झाल्यावर ती रद्द करून घेऊ शकतो. आणि दाव्यात नसलेली मिळकत तडजोडीत आणली तर तेवढ्यापुरता नोंदणीचा प्रश्न उभा राहतो. म्हणून ती आधी दाव्यात दुरुस्तीने आणावी किंवा वेगळा नोंदणीकृत दस्त करावा. निवाडा झाला म्हणजे सातबारा आपोआप बदलला, असं धरून कितीतरी कुटुंबं वर्षानुवर्षं बसून राहतात. फेरफारासाठी तलाठ्याकडे वेगळा अर्ज लागतोच.

नवरा-बायकोच्या प्रकरणांत ही सेवा जपून वापरावी, असं माझं स्पष्ट मत आहे. "उभयतांनी सुखाने नांदावे" ही ओळ कुठल्याही न्यायालयाला बजावता येत नाही. भरल्या हॉलमध्ये, दोन्हीकडच्या मामा-काकांसमोर बाईला "काय ताई, जाताय ना नांदायला?" असं विचारलं की ती हो म्हणते. त्या होकाराला संमती म्हणू नये. तिच्याशी वेगळ्या खोलीत, शक्यतो पॅनेलमधल्या महिला सदस्याने बोलायला हवं, आणि तिच्या वकिलाने ते मागून घ्यायला हवं. परत जायचं ठरलंच तर कोणत्या तारखेला, कोणत्या घरात, स्वतंत्र खोलीचं भाडं कोण देणार, दरमहा खर्चाला किती आणि कोणत्या खात्यात, हे लिहावं. पोटगीचं प्रकरण त्याच दिवशी काढून घेण्याची घाई करू नये. काही महिने ते तसंच राहू द्यावं, अशी विनंती मूळ न्यायालयाला करता येते.

दाखल न झालेल्या, म्हणजे दावापूर्व प्रकरणांच्या नोटिसा हल्ली घरोघर येतात: बँकेचं थकीत कर्ज, वीजबिल, घरपट्टी, वाहनाचं ई-चलान. नोटीस पाहून लोक घाबरतात, म्हणून सांगतो की हे समन्स नव्हे. गेला नाहीत तर तुमच्याविरुद्ध तिथे काही ठरत नाही. गेलात तर व्याजात आणि दंडात चांगली सूट मिळू शकते, त्यामुळे कर्ज खरं असेल तर जरूर जावं. पण जाण्याआधी खात्याचा पूर्ण उतारा मागून घ्यावा आणि मुद्दल, व्याज, दंडव्याज, इतर आकार असे चार रकाने वेगळे पाहावेत. जुन्या कर्जात एक सापळा आहे. मुदतीच्या आत "मी देणे लागतो" असं लिहून सही केली तर त्या दिवसापासून वसुलीची मुदत नव्याने मोजली जाते, आणि मुदत उलटून गेलेल्या कर्जाबद्दल "पैसे देईन" असं लेखी वचन दिलं तर मेलेलं कर्ज पुन्हा जिवंत होतं. रक्कम पक्की ठरल्याशिवाय कशावरही सही नको. ठरली तर "खातं पूर्ण बंद, ना-हरकत दाखला अमुक दिवसांत" हे शब्द निवाड्यात हवेत.

कायमस्वरूपी लोकअदालत हा वेगळाच प्रकार आहे आणि नावामुळे भलेभले गोंधळतात. वाहतूक, टपाल-दूरध्वनी, वीज-पाणी, रुग्णालय, विमा अशा सार्वजनिक सेवांच्या वादांसाठी ती आहे, मर्यादा 1 कोटी रुपयांची. तिथे तडजोड फसली तर ती गुणदोषांवर निकालही देऊ शकते. तिथे अर्ज करताना पुरावा पूर्ण घेऊनच जावं.

आमच्या व्यवसायाबद्दलही बोललं पाहिजे. प्रकरण मिटलं की वकिलाच्या तारखा संपतात, आणि काही पक्षकारांना वाटतं की म्हणूनच वकील तडजोडीला नाक मुरडतो. हा संशय काढायचा सोपा उपाय म्हणजे वकीलपत्र देतानाच "तडजोड झाली तर फी किती" हे ठरवून लिहून ठेवणं. उलटही घडतं. प्रकरण कटकटीचं आहे म्हणून पक्षकाराला अर्ध्या रकमेवर ढकलणारा वकीलही असतो. त्यामुळे वकिलाने टेबलाकडे जाण्याआधी पक्षकारासमोर साधा हिशेब मांडावा: दावा जिंकला तर अंदाजे किती, किती वर्षांनी, वसूल होण्याची शक्यता किती, हरण्याची किती. आणि एक प्रश्न विचारावा, जो आम्ही फार उशिरा विचारतो: "निकाल तुमच्या बाजूने लागला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या घरात काय बदललेलं असेल?" बऱ्याच जणांना यावर लगेच उत्तर देता येत नाही. ते उत्तर सापडेपर्यंत थांबावं, आकडा त्यानंतर आपोआप बोलायला लागतो.

सेवेची खरी उणीव म्हणजे घाई. एका दिवसात एकेका टेबलासमोर इतकी प्रकरणं लागतात की गुंतागुंतीच्या वादाला वेळ उरत नाही, आणि किती निकाली निघाली या आकड्याचा सोस असतो. यावर उपाय आपल्याच हातात आहे. लोकअदालतीच्या आधी पूर्वबैठका होतात, त्यात प्रकरण ठेवायला तालुका विधी सेवा समितीला सांगावं आणि तडजोडीचा मसुदा आधीच टाइप करून न्यावा. त्या दिवशी फक्त वाचन आणि सह्या उराव्यात. मसुदा पक्षकाराला त्याच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवावा. अंगठा लावणाऱ्याला तर नक्कीच, आणि तसं वाचून दाखवल्याची नोंदही घ्यावी. ओळखपत्र, मूळ कागद आणि खात्याचा तपशील जवळ हवाच. वकील परवडत नसेल तर स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतले अशा काही गटांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. महाराष्ट्रात इतरांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3 लाख रुपये आहे. हेल्पलाइन 15100.

सह्या झाल्यावर निवाड्याची प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात मागवा. समोरच्याने शब्द मोडला तर दरखास्त याच प्रतीवर दाखल होते आणि तिला 12 वर्षांची मुदत आहे. एक प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाकडेही द्या, आणि ती कुठे ठेवली आहे ते मुलांना दाखवून ठेवा.