पांढऱ्या ओठांचा अजगर: बेळगावच्या हवेत पावसाळा ते उन्हाळा

ठिपके नाहीत, पट्टे नाहीत, नक्षी नाही. व्हाईट-लिप्ड पायथन, म्हणजे पांढऱ्या ओठांचा अजगर, फोटोत बघितला तर काळं डोकं, तपकिरी अंग आणि ओठांवर पांढऱ्याकाळ्या खुणा, एवढंच दिसतं. त्यामुळे अजगर पाळणाऱ्यांत याला विचारणारे कमीच. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर हा आमच्या वडगावच्या घरी आला, आता उन्हाळाही सरत आलाय. उद्या पुन्हा निवड करायची वेळ आली, तर समोर कितीही नक्षीदार बॉल पायथन (पाळणाऱ्यांत लोकप्रिय असलेला आफ्रिकेचा छोटा अजगर) ठेवा, मी हाच उचलेन.

कारण रंगच. फोटोत न येणारा. कात टाकायच्या आधी काही दिवस याचे डोळे निळसर धुरकट होतात, अंग मातकट दिसतं, खाणं बंद होतं. मग डोळे निवळतात आणि एका रात्री लाकडाच्या ओंडक्यावर नाक घासत कात उतरते. त्यानंतरचा अंगावरचा तजेला बघायचा तर तिरका उजेड हवा. सकाळी खिडकीतून ऊन आत आलं, की त्याच तपकिरी खवल्यांवर निळा, जांभळा, हिरवा सरकत जातो. साप हलला की रंगही हलतात. माझे वडील आयुष्यभर मागावर बसलेले. ते काचेशी वाकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा घालून धूपछाव लुगडं काढतोय की आपण, तसं हाय बघ ह्याचं." याहून नेमकं मला सांगता येणार नाही. हा रंग खवल्यांत भरलेला नसतो. खवल्यांच्या पृष्ठभागाची रचना इतकी सूक्ष्म असते, की उजेड तिच्यावर फुटतो आणि रंग दिसतात. अशी चमक इतर सापांनाही थोडीफार असते, पण नक्षीच्या गर्दीत ती हरवते. इथे अंग सपाट, म्हणून नजर तिच्यावरच ठरते.

बॉल पायथनच्या 'मॉर्फ'च्या, म्हणजे निवडून पैदास केलेल्या रंग-नक्षीच्या प्रकारांच्या, बाजाराबद्दलही बोललं पाहिजे. नवा रंग, नवं नाव, चढा भाव असं ते चालतं. त्यातल्या 'स्पायडर' मॉर्फला रंगाबरोबरच मज्जासंस्थेचा दोष येतो, डोकं डगमगतं, तोल जातो. हे माहीत असूनही त्याची पैदास होत राहिली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. साध्या रंगाच्या जातींमागे ही शर्यत फारशी लागलेली नाही. ऑस्ट्रेलियाचे ऑलिव्ह पायथन आणि वॉटर पायथन, इंडोनेशियाचा पांढऱ्या डोळ्यांचा छोटा सावू पायथन हेही याच पंगतीतले. पण ऑलिव्ह चार मीटरपर्यंत वाढू शकतो, तेव्हा आमच्यासारख्या गल्लीतल्या घराला तो झेपणारा नाही. पांढऱ्या ओठांच्या उत्तरेकडच्या प्रकाराची लांबी साधारण दोन मीटर. न्यू गिनीच्या दक्षिणेकडचा काळा प्रकार याहून मोठा होतो.

आता हवेचं. हा मूळचा न्यू गिनीच्या दमट जंगलातला. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर, त्यामुळे पावसाळ्यात इथे दिवसेंदिवस ऊन नाही आणि भिंतींना ओल. माणसाला नकोसे होणारे हे महिने याला मानवले. पेटीत पाणी फवारायची वेळच फारशी आली नाही. उलट हवा खेळती ठेवायला जास्त लक्ष द्यावं लागलं, नाहीतर पेटीत तळाला पसरलेल्या कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर, बुरशी धरते. कोकोपीट नर्सरीत सहज मिळतं, पण ते भिजवून घट्ट पिळून मगच पसरायचं. प्लायवूडची पेटी मात्र या पावसात फुगते, दार नीट लागत नाही. आणि दार न लागणं अजगराच्या बाबतीत अजिबात चालत नाही.

थंडीचे दिवस कसोटीचे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १४-१५ अंशांवर येतो आणि याला उबेची बाजू ३०-३१ अंश लागते, थंड बाजू २५ च्या आसपास. सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटशिवाय (तापमान ठरल्या अंशावर राखणाऱ्या यंत्राशिवाय) लावू नका, हे हात जोडून सांगतो, साप भाजतो. लाईट गेली की तासाभरात पेटी गार पडायला लागते, म्हणून हीटर इन्व्हर्टरवर घेतलाय. मार्चनंतर हवा कोरडी पडली की दिवसातून दोनदा फवारा आणि लपायच्या डब्यात ओलं शेवाळ. तेवढ्यावर कात अखंड निघते.

स्वभाव तापट. हे लपवण्यात अर्थ नाही. पहिले काही आठवडे दार उघडलं की चावायला तोंड फिरायचं. ओठांवरच्या खाचांनी याला उष्णता जाणवते, त्यामुळे आपला हात याला आधी ऊब म्हणून कळतो. खायला द्यायचा दिवस सोडून इतर वेळी आधी साप हाताळायच्या हुकने अंगाला हलकेच स्पर्श करायचा, मग उचलायचा, ही सवय लावली. आता बराच शांत आहे. तरी लहान मुलांच्या हातात द्यायचा हा साप नव्हे. खाणं गोठवलेल्या उंदरांचं, कोमट पाण्यात पूर्ण वितळवून. त्यासाठी वेगळा छोटा फ्रीझर घ्या, घरातली माणसं सुखी राहतील. हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांकडून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू येऊ शकतो. आणि साप घेण्याआधी त्याला तपासणारा पशुवैद्य शोधून ठेवा. आपल्या भागात तो पटकन सापडत नाही.

कायद्याची बाजू. जांबोटी-खानापूरच्या जंगलात आढळणारा आपला अजगर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. तो पकडणं, पाळणं गुन्हा आहे आणि तसंच असायला हवं. परदेशी अजगर साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) यादीत येतात. वन्यजीव कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि २०२४ च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर अशा प्राण्यांची नोंदणी करावी लागते. हस्तांतर, पिल्लं, मृत्यू, सगळं कळवायचं. पैदासकाराकडे कागद नसतील तर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. जंगलातून पकडून आणलेले पांढऱ्या ओठांचे अजगर जगभरच्या बाजारात येत आले आहेत. ते परजीवी घेऊन येतात, खात नाहीत, झुरतात. पिंजऱ्यात जन्मलेलाच घ्यायचा, त्याला वेळ लागला तरी चालेल.

नागपंचमीला गल्लीतल्या काकू लाह्या आणि दूध घेऊन आल्या होत्या. साप दूध पीत नाही हे त्यांना सांगितलं, त्यांनी ऐकलं, लाह्या मुलांना वाटल्या आणि काचेला लांबूनच हात जोडले. शेजाऱ्यांना असं आधी दाखवून ठेवलेलं बरं. ओळखीच्या सर्पमित्रांनाही याचे फोटो देऊन ठेवलेत. कधी निसटलाच तर कुणी काठी उचलायच्या आधी मला फोन येईल.

आमचा अजून वाढतोय. पुढच्या पावसाआधी पीव्हीसी शीटची चार फुटी पेटी करून घ्यायची आहे, समोर सरकती काच आणि तिला कुलूप, आणि हीटरभोवती जाळी.