बर्लिन–प्राग आगाऊ तिकीट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

डॉइचे बान म्हणजे जर्मन रेल्वे. तिचं 'सुपर श्पारप्राइस यूरोपा' हे आगाऊ काढायचं स्वस्त तिकीट आठ महिने वापरून झालेलं मत असं: थेट गाडी असेल तर तारीख पक्की होताच तिकीट घेऊन ठेवा. मध्ये गाडी बदलायची असेल, तर भाडं बघण्याआधी तिकीट एकच निघतंय की दोन, ते बघा.

स्वस्त भाड्याचा प्रत्येक गाडीत ठरावीक कोटा असतो. तो संपत जातो तसं भाडं चढतं आणि शेवटी उरतं ते फ्लेक्सप्राइस, म्हणजे पूर्ण भाडं. शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार दुपारच्या गाड्या लवकर महागतात. मंगळवारी-बुधवारी दुपारी बऱ्याचदा आठवडाभर आधीही बरा दर मिळतो. बर्लिन–प्राग गाडीची तिकिटं चेक रेल्वेही विकते. गाडी तीच, पण कोटा आणि अटी वेगळ्या, त्यामुळे दोन्हीकडचं भाडं ताडून बघावंच.

खरी गोम इथे आहे. समजा कोलोनहून बर्लिनमार्गे प्रागला जायचंय. दोन सुटी तिकिटं कधीकधी स्वस्त पडतात. पण सुपर श्पारप्राइस त्या-त्या गाडीलाच बांधलेलं असतं, म्हणजे दुसऱ्या गाडीत चालत नाही. सगळा प्रवास एका तिकिटावर असेल आणि शेवटच्या स्टेशनवर २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं, की हे बंधन सुटतं आणि पुढची गाडी पकडता येते. दोन तिकिटं असली, तर पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरं वाया जाऊ शकतं. २०२४ मध्ये जर्मनीतल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२.५ टक्के वेळेवर होत्या, तेव्हा ही भीती उगाच नाही. भरपाईचंही तसंच: ६० मिनिटं उशिराला भाड्याच्या २५ टक्के, १२० मिनिटांना ५० टक्के, एकच तिकीट असेल तर हिशेब अखेरच्या स्टेशनवरच्या उशिराचा. तरीही दोन तिकिटं काढायचीच असतील, तर मध्ये किमान दीड तास ठेवा.

डॉइचे बानचं ॲप कधीकधी आठ मिनिटांत गाडी बदलायला लावतं. शोधतानाच गाडी बदलायचा वेळ वाढवून ३० मिनिटं करा. बॅगा आणि आई-बाबा बरोबर असतील तर नक्कीच. मधल्या स्टेशनवर काही तासांचा थांबाही तिथेच टाकता येतो, आणि भाडं बऱ्याचदा फारसं वाढत नाही.

पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. शेंगेन व्हिसाचा निर्णय साधारण १५ दिवसांत लागतो, पण ४५ दिवसही लागू शकतात. सुपर श्पारप्राइस रद्द होत नाही, म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत ते काढू नका. साधं, म्हणजे 'सुपर' नसलेलं, श्पारप्राइस प्रवासाच्या आदल्या दिवसापर्यंत शुल्क भरून रद्द करता येतं. दुसरं, विमान उतरतं त्याच दिवशीची बांधलेली गाडी घेऊ नका. इमिग्रेशनच्या रांगेत आणि सामानाच्या पट्ट्यापाशी किती वेळ जाईल, याचा नेम नाही.

आणि सेकंड क्लासचं तिकीट म्हणजे जागा नव्हे. आरक्षण वेगळं घ्यावं लागतं, आणि गाडी सुटल्यावर १५ मिनिटांत जागेवर बसला नाहीत तर हक्क जातो. बर्लिनहून प्रागला जाताना डावीकडची खिडकी मागा: ड्रेस्डेन सुटलं की एल्ब नदी त्याच बाजूला येते.