अल्सरेटिव्ह कोलायटिस: मेसालामाइननंतर कोणते औषध?

कोल्हापुरात शौचातून रक्त पडू लागले की पहिला संशय तांबड्या रश्श्यावर जातो, आणि आमांशाच्या गोळ्या घेण्यात कित्येक आठवडे निघून जातात. कोलोनोस्कोपी आणि बायोप्सीने अल्सरेटिव्ह कोलायटिसचे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतील अस्तराला दीर्घकाळ सूज येऊन व्रण पडण्याच्या आजाराचे, निदान पक्के झाल्यावर मात्र प्रश्न औषधांच्या निवडीचा उरतो, कारण आग विझवणारे औषध आणि ती पुन्हा पेटू न देणारे औषध नेहमी एकच नसते.

सौम्य ते मध्यम आजारात सुरुवात मेसालामाइनने होते. तोंडावाटे दिवसाला 2.4 ते 4.8 ग्रॅम. आजार गुदाशयापुरताच असेल तर रात्री घेतलेली 1 ग्रॅमची सपोझिटरी (गुदद्वारातून आत सरकवायची औषधी वडी) तोंडावाटे घ्यायच्या गोळ्यांपेक्षा अधिक गुणकारी ठरते. पण संकोचापोटी अनेक रुग्ण ती टाळतात आणि मग औषध लागू पडत नाही अशी तक्रार करतात. जुने सल्फासलाझिन स्वस्त असून सांधेदुखी असलेल्यांना ते सोयीचे पडते. मात्र सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी ते घेऊ नये, आणि पुरुषांमध्ये त्याने शुक्राणूंची संख्या घटते, जी औषध थांबवल्यावर पूर्ववत होते.

प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा गुण लवकर दिसतो, म्हणूनच ते फसवे आहे. साधारण 40 मिलिग्रॅमपासून सुरू करून सुमारे दोन महिन्यांत ते टप्प्याटप्प्याने बंद करायचे असते, कारण आजार शांत ठेवण्याचे काम ते करत नाही. उलट चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा तोच कोर्स आणणाऱ्यांना माझे स्पष्ट सांगणे आहे की, वर्षात दोनदा स्टेरॉइड लागले असेल तर पुढच्या पायरीचा निर्णय लांबवू नये.

त्या पायरीवर खरी तुलना सुरू होते. ॲझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी स्वस्त आहे, पण त्याचा परिणाम दिसायला दोन ते तीन महिने लागतात, आणि पांढऱ्या पेशी अचानक घटण्याचा धोका असल्याने सुरुवातीला वरचेवर रक्ततपासणी करावी लागते. या धोक्याशी निगडित एनयूडीटी15 जनुकातील बदल आशियाई लोकांत तुलनेने अधिक आढळतो, त्यामुळे ही चाचणी आधीच करून घेणे शहाणपणाचे. वातरक्तासाठी ॲलोप्युरिनॉल चालू असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

टोफासिटिनिब ही गोळीच आहे आणि काही दिवसांतच गुण दाखवते. पहिले 8 आठवडे 10 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, मग सहसा 5 मिलिग्रॅम, तेही दिवसातून दोनदा. देशी जेनेरिक मिळू लागल्याने ती आवाक्यात आली आहे. परंतु नागीण उठण्याची शक्यता वाढते, आणि पन्नाशी उलटलेल्या, हृदयविकार किंवा धूम्रपानाची पार्श्वभूमी असलेल्या रुग्णांत रक्ताच्या गुठळ्यांचा धोका गंभीर मानला जातो. 2021 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने तिचा वापर याच कारणाने मर्यादित केला. गर्भधारणेचा विचार असेल तर ती नको.

इन्फ्लिक्सिमॅबचे सलाइन 0, 2 आणि 6 आठवड्यांनी, पुढे दर 8 आठवड्यांनी द्यावे लागते. सुप्त क्षयरोग यामुळे उफाळू शकतो, म्हणून छातीचा एक्स-रे व क्षयाची चाचणी झाल्याशिवाय ते सुरू करू नये. वेडोलिझुमॅब मुख्यतः आतड्यापुरतेच काम करत असल्याने संसर्गाची भीती कमी. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या थेट तुलनेत 52 आठवड्यांनी ते घेणाऱ्यांपैकी 31.3 टक्के, तर अडालिमुमॅब हे दुसरे इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी 22.5 टक्के रुग्णांचा आजार शांत झालेला होता. असे असले तरी ते महाग आहे आणि त्यासाठी दर खेपेला रुग्णालय गाठावे लागते. चंदगडहून येणाऱ्याचा त्यात अख्खा दिवस मोडतो.

अडालिमुमॅब दर दोन आठवड्यांनी घरीच टोचून घेता येते. ते 2 ते 8 अंश तापमानात ठेवायचे असते. एसटीने गावी नेताना थर्मासमधल्या बर्फाला ते थेट टेकू देऊ नये, कारण एकदा गोठलेले इंजेक्शन वितळल्यावरही वापरता येत नाही.