३०४ स्टील सांगून भलतंच गळ्यात मारलं, किचन करणाऱ्यांनो वाचा

अलिबागला घराचं किचन नवीन केलं. चिमणी २४,०००, हॉब (ओट्यात बसवायची शेगडी) १७,५००, काळं सिंक १९,००० आणि स्टीलच्या ट्रॉल्या ८२,०००, एकूण १,४२,५०० रुपये. पावसाळा लागला आणि ट्रॉल्यांच्या जोडांवर तांबूस ठिपके, जुलैत तर पुसलं की फडक्याला गंज. समुद्र जवळ म्हणून तर साधं स्टील नको, ३०४ च (सहसा लवकर न गंजणारी स्टीलची ग्रेड) पाहिजे असं मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं! साध्या स्टीलच्या ट्रॉल्या ५८,००० ला होत्या, म्हणजे नुसत्या ३०४ या आकड्याचे २४,००० जास्त घेतले दुकानदाराने.

आता कळतंय तो सगळा वेळ फिनिशवर का बोलत होता. चकचकीत घेतलं तर बोटांचे ठसे दिसतात, मॅट घेतलं तर दिसत नाहीत, काळं आता सगळे घेतात, एकेक सॅम्पल हातात देत होता आणि आम्ही दोघं रंग आणि चमक यावरच वाद घालत बसलो. अहो फिनिश म्हणजे फक्त वरचं घासकाम, एकच पत्रा चकचकीत पण होतो आणि मॅट पण, आत कुठलं स्टील आहे ते त्याने कळत नाही. मग त्याने मॅग्नेट लावून दाखवला, चिकटला नाही, बघा ताई ३०४. धादांत खोटं! २०२ या स्वस्तातल्या स्टीलला आणि त्याहून हलक्या मालालाही मॅग्नेट सहसा चिकटत नाही. मॅग्नेटवर अजिबात विश्वास ठेवू नका.

आणि ते बिल. हे अजून डोक्यातून जात नाही. मी म्हटलं बिलावर ३०४ लिहा, तर म्हणाला पक्कं बिल हवं तर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २५,६५० अजून द्या, आणि ग्रेड कुणी लिहीत नाही, "एसएस मॅट" (एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील) एवढंच लिहितात. तिथेच उठायला हवं होतं. पण दीड लाखाच्या कामात वर पंचवीस हजार कोण देतं हो, आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांची कामं कच्च्या चिठ्ठीवरच झालीत. ट्रॉल्यांवर ३०४ छापलेलं मी स्वतः पाहिलं होतं, पण ते वरच्या प्लास्टिकच्या फिल्मवर, आणि ती फिल्म फिटिंगवाला सोलून सोबत घेऊन गेला.

ओळखीच्या फॅब्रिकेटरने बॅटरी लावून टेस्टिंगचा थेंब टाकला, लगेच लाल झाला, म्हणजे ३०४ नाही. मग लॅबमध्ये १,१८० रुपये भरून रिपोर्ट काढला, निकेल जेमतेम १ टक्का, मँगनीज ९ च्या वर. ३०४ मध्ये निकेल ८ टक्के तरी लागतं. बाजारात या हलक्या स्टीलला जे फोर म्हणतात. काळ्या सिंकला पीव्हीडी कोटिंग (मशीनमध्ये चढवलेला पक्का थर) सांगितलं होतं, नेलपॉलिश रिमूव्हरचा कापूस फिरवला तर काळा रंग कापसावर आला. निव्वळ रंग मारलेला!

फोन केला तर म्हणे तुम्ही ॲसिडने पुसलं असेल. नंतर नंबरच ब्लॉक. पोलिसांकडे गेलो तर तिथले साहेब म्हणतात, ताई, ट्रॉली गंजली म्हणून एफआयआर घ्यायची का, सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा. रिपोर्ट पुढे केला तर हातात पण घेतला नाही! ग्राहकांच्या तक्रारी घेतात तिथे गेलो, तर पक्कं बिल आणा, ते नाही तर दुकानदाराचा पत्ता लेखी आणा, पत्ता नेला तर संबंधित माणूस रजेवर. मोबाईल चोरला तर चोर आणि १,४२,५०० घेऊन खोटा माल दिला तर व्यवहार? मग कायदा आहे कुणासाठी?

शेवटी एका वकील बाईंनी सांगितलं की कच्ची चिठ्ठी असली तरी चालते, पेमेंटची एंट्री आणि व्हॉट्सॲपवर त्याने ३०४ लिहिलेलं जपून ठेवा. ६०,००० मी ऑनलाइन दिले होते तेवढाच आधार, बाकी कॅश. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, पण दोन वर्षांच्या आत जायचं. नोटीस गेलीय, उत्तर नाही, आता तक्रार दाखल करतोय.

कॅश देऊ नका. ग्रेड बिलावर नसेल तर ॲडव्हान्स देऊ नका, मग तो किती का गोड बोलेना. फिटिंगच्या आधी एक तुकडा टेस्ट करून घ्या, नको म्हणाला तर माल परत. आणि गंजलेली ट्रॉली रागाने भंगारात टाकू नका, मी एक टाकली, आता वकील बाई तीच मागतायत.